तीन रकाने आणि चार शब्दांचे नाव

'शेख आयेशा शेख रफीक' हे मराठवाड्यातले अगदी नेहमीच्या घडणीचे नाव. आधी घराण्याचे नाव, मग मुलीचे, मग पुन्हा घराण्याचे आणि शेवटी वडिलांचे. हजेरी घेताना बाईंना त्यात काही वावगे वाटत नाही, मोहल्ल्यात तर कुणालाच नाही. अडचण येते ती फॉर्म भरताना. फॉर्मवर रकाने तीनच असतात: पहिले नाव, मधले नाव, आडनाव. कुणी 'शेख आयेशा' पहिल्या रकान्यात कोंबतो, कुणी 'आयेशा रफीक शेख' असे उलटवून लिहितो, कुणी दुसरा 'शेख' गाळून टाकतो. मग दहावीच्या सनदेवर एक नाव, आधारवर दुसरे आणि बँकेच्या पासबुकावर तिसरे. शिष्यवृत्ती अडकते, पासपोर्ट अडकतो, आणि अब्बा कामाचा खाडा करून शपथपत्रासाठी रांगेत उभे राहतात.

हे तीन रकाने आकाशातून पडलेले नाहीत. कुठल्या तरी कार्यालयात संगणकासमोर बसलेल्या माणसाने ते ठरवलेले असतात. रकाने किती, प्रत्येकात अक्षरे किती मावतील, कोणता रकाना रिकामा सोडला तर चालेल, हे ठरवणाऱ्याला डेटाबेस डेव्हलपर म्हणतात. आम्ही त्याच धंद्यातले काही जण. चिकलठाणा एमआयडीसीत आणि आसपास नोकऱ्या करतो. आमच्यातल्या दोघी लग्नानंतर घरून काम करतात. या व्यवसायाविषयी, त्याच्या शिक्षणाविषयी आणि तो करणाऱ्यांच्या मेळाव्यांविषयी आपल्या घरांमध्ये फार कमी बोलले जाते. मुलाला 'कंप्युटर' शिकवायचे इथपर्यंत सगळे येतात, पुढे वाट पुसट होते. म्हणून हा लेख.

"क्या करते बेटा तुम लोगां कंप्यूटर पे दिनभर?" हा प्रश्न आम्हा सगळ्यांना घरी विचारला गेला आहे. उत्तर द्यायला भिशी उपयोगी पडते. वीस बायकांची भिशी आहे असे समजा. एका वहीत सभासदांची यादी, दुसरीत दरमहा कुणी किती दिले त्याची नोंद, तिसरीत कुणाची पाळी कधी लागली ते. आता पैशाच्या वहीत दर महिन्याला प्रत्येकीचे पूर्ण नाव, पत्ता आणि फोन पुन्हा पुन्हा लिहिला तर काय होईल? कुणी घर बदलले की पन्नास ठिकाणी खाडाखोड. त्यापेक्षा प्रत्येकीला एक क्रमांक द्यावा, पत्ता एकाच वहीत ठेवावा आणि बाकी वह्यांत फक्त क्रमांक लिहावा. डेटाबेसचे मूळ शहाणपण एवढेच आहे. १९७० साली आयबीएम कंपनीत काम करणाऱ्या एडगर कॉड या इंग्रज गणितज्ञाने ते शोधनिबंधात मांडले आणि त्याच कामासाठी १९८१ साली त्यांना संगणकशास्त्रातला सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. कॉड यांच्या वह्यांना प्रश्न विचारायची भाषा, एसक्यूएल, त्याच कंपनीत १९७४ च्या सुमारास तयार झाली. पन्नास वर्षे उलटली तरी बँका, रुग्णालये, रेल्वेचे आरक्षण, सगळीकडे तीच चालते. संगणकाच्या जगात इतकी टिकाऊ विद्या दुसरी क्वचितच सापडेल. आईवडिलांनी याकडे लक्ष द्यावे, कारण दर तीन वर्षांनी जुने होणारे काहीतरी शिकवण्यात घरचे पैसे फार जातात.

आमच्या शहरानेच याचा एक मोठा धडा दिला. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राची मंजुरी आली आणि औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले. त्या निर्णयाबद्दल घराघरांत काय बोलले गेले तो इथला विषय नाही. आमच्या टेबलावर आला तो प्रश्न वेगळा होता: हजारो ग्राहकांच्या नोंदींत शहराचे नाव बदलायचे कसे? ज्यांनी शहरांची वेगळी यादी करून बाकी ठिकाणी फक्त क्रमांक ठेवला होता, त्यांचे काम एका ओळीत संपले. ज्यांनी प्रत्येक नोंदीत शहर हाताने टाइप करू दिले होते, त्यांच्याकडे एकाच गावाची डझनभर रूपे निघाली, काही तर 'ए-बाद' अशी. आणि जुन्या बिलांवर जुनेच नाव राहिले पाहिजे, कारण ते बिल त्या दिवशी त्याच नावाने दिले होते, हे भान फार थोड्यांना होते.

आता पुन्हा माणसांच्या नावांकडे. सारख्या उच्चाराची नावे शोधण्यासाठी डेटाबेसमध्ये 'साउंडेक्स' नावाची एक जुनी युक्ती असते. तिचे पेटंट अमेरिकेत १९१८ साली घेतले गेले, म्हणजे संगणक येण्याच्या कितीतरी आधी. इंग्रजी स्पेलिंगातले पहिले अक्षर तसेच ठेवायचे, स्वर गाळायचे, उरलेल्या व्यंजनांना अंक द्यायचे. 'शेख'साठी ती छान चालते. स्पेलिंगात ए-आय असो, ई-आय असो की नुसता ई, शेवटचा एच असो वा नसो, उत्तर एकच येते: एस-२००. 'सय्यद'ची सगळी रूपेही एस-३०० वर जमा होतात. पण 'ज़ाकिर' घ्या. एका कारकुनाने झेडने लिहिले, दुसऱ्याने मराठी उच्चाराप्रमाणे जे-ने. एकाचे उत्तर झेड-२६०, दुसऱ्याचे जे-२६०. पहिले अक्षर बदलले म्हणजे साउंडेक्सच्या लेखी माणूसच बदलला. ज़रीना, ज़ुबेर, ज़ैनब या सगळ्यांची हीच गत. 'मोहम्मद'चे तर विचारूच नका. पूर्ण लिहिले तर एम-५३०, आणि 'एम-ओ-एच-डी' किंवा 'एम-डी' असे आखडून लिहिले तर एम-३००. ज्या नावाने आपल्या अर्ध्याअधिक मुलांची नावे सुरू होतात, तेच नाव यंत्राला दोन वेगळ्या माणसांचे वाटते.

देवनागरीत नोंदी असल्या तर सुटका होते का? तिथे वेगळीच मौज. हल्लीच्या रूढ पद्धतीत इंग्रजी अक्षर एका बाइटमध्ये मावते, देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, आणि काना, मात्रा, हलन्त ही स्वतंत्र चिन्हे धरली जातात. 'अब्दुल रहमान' या नावाला मधल्या मोकळ्या जागेसह ३४ बाइट लागतात. कुणी इंग्रजीच्या हिशेबाने ३० बाइटचा रकाना ठेवला असेल तर 'रहमान'चा शेवट उंबऱ्याबाहेर राहतो. ओरॅकलमध्ये रकान्याची लांबी अक्षरांत मोजायची की बाइटमध्ये हे सांगता येते. सांगितले नाही तर ते साधारणपणे बाइट धरते. एवढीशी गोष्ट माहीत असलेला माणूस त्या खुर्चीवर असेल तर शेकडो कुटुंबांचा त्रास वाचतो.

हा त्रास फक्त आपल्यालाच आहे असेही नाही. पॅट्रिक मॅकेन्झी या अमेरिकन प्रोग्रॅमरने २०१० साली जपानमध्ये राहत असताना, प्रोग्रॅमर लोक नावांबद्दल काय काय चुकीचे गृहीत धरतात याची लांबलचक यादी लिहिली. कारण तिथल्या यंत्रांना त्याचेच नाव झेपत नव्हते. दक्षिणेत वडिलांच्या नावाचे नुसते आद्याक्षर लावणाऱ्यांना आडनावाचा रकाना छळतो. पण त्यांच्यातले खूप जण या व्यवसायात आहेत, ते बैठकीत उठून सांगतात. मराठवाड्यातल्या शेख आयेशा शेख रफीकच्या वतीने उठून सांगणारे अजून थोडे आहेत. आमची खरी कळकळ ही आहे.

शिकायचे कुठे? आधी वाईट बातमी सांगून टाकतो. शंभर टक्के नोकरीची हमी देऊन घसघशीत फी घेणारे वर्ग प्रत्येक शहरात आहेत. आमच्यातल्या एकाच्या घरी आईचे दागिने गहाण ठेवून अशी फी भरली गेली. नोकरी मिळाली ती पुढे, स्वतः घरी बसून केलेल्या अभ्यासावर. ज्या विद्येची सगळी साधने फुकट मिळतात, तिच्यासाठी कर्ज काढण्याआधी दहादा विचार करावा. व्याजाचे असेल तर पहिल्यांदाच थांबावे.

साधने खरोखर फुकट आहेत. पोस्टग्रेस हा जगातल्या उत्तम डेटाबेसांपैकी एक. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात १९८६ साली त्याचे काम सुरू झाले, आज तो कुठल्याही एका कंपनीच्या मालकीचा नाही आणि कुणीही उतरवून घेऊ शकतो. त्याची पुस्तिका इतकी नेटकी आहे की तीच पाठ्यपुस्तक म्हणून वापरता येते. मायएसक्यूएल आणि त्यातून निघालेला मारियाडीबी हेही तसेच फुकट मिळतात. (दोन्ही नावे त्याच्या निर्मात्याच्या मुलींची आहेत, थोरली माय आणि धाकटी मारिया. मुलीच्या नावाने एवढे मोठे काम उभे करणारा बाप आम्हाला आवडतो.) एसक्यूएलाइट तर तुमच्या खिशातल्या मोबाइलमध्ये आत्ता चालू आहे. जुना, हातचा लॅपटॉप सुरुवातीला पुरतो.

शिकवणारेही आहेत. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाचे छोटे छोटे पाठ विनामूल्य आहेत आणि त्यातले बरेच मराठीत ऐकता येतात. इंग्रजीची धास्ती घेतलेल्या मुलीला आम्ही पहिल्यांदा तिथेच पाठवतो. केंद्र सरकारच्या 'स्वयम्' या शिक्षणमंचावर आयआयटीच्या प्राध्यापकांचा डेटाबेसचा पूर्ण अभ्यासक्रम ऐकायला पैसे पडत नाहीत, प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची तरच शुल्क. जगभरच्या विद्यापीठांत जे जाडजूड पुस्तक नेमलेले असते, 'डेटाबेस सिस्टिम कॉन्सेप्ट्स', त्याच्या तीन लेखकांपैकी एक, प्राध्यापक एस. सुदर्शन, आयआयटी मुंबईचेच. समोरासमोर शिकायचे असेल तर आपल्या शहरात विद्यापीठाच्या आवारात 'नायलिट' ही केंद्र सरकारची संस्था आहे. रौझाबागेत डॉ. रफीक झकेरिया यांनी १९६३ मध्ये सुरू केलेले मौलाना आझाद महाविद्यालय आहे, आणि त्याच आवारात संगणक शिक्षणाची स्वतंत्र संस्थाही आहे. चिकलठाण्यातच सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्सचे केंद्र आहे. त्याच्या फाटकावरून रोज शेकडो मुले कारखान्याच्या पाळीला जातात आणि आत काय चालते हे त्यांतल्या बहुतेकांना कुणी सांगितलेले नसते.

सुरुवातीला रोज एक तास, सहा महिने, एवढे पुरे. पहिले काम म्हणून घरचेच काही घ्यावे. मामूंच्या किराणा दुकानाची उधारी, मशिदीच्या कमिटीचा जमाखर्च, मदरशाची हजेरी. उधारीची नोंद करताना आमच्या उस्तादांनी सांगितलेली गोष्ट आठवते. कुरआनातली सर्वांत लांब आयत, सूरह अल-बकरामधली २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे आणि रक्कम लहान आहे म्हणून लिहिण्याचा कंटाळा करू नये, असे त्यात सांगितले आहे. नोंद ही अमानत आहे ही गोष्ट आपल्या मुलांना नव्याने शिकवावी लागत नाही, फक्त ती वहीतून यंत्रात न्यायची असते.

आणि आता परिषदा. या धंद्यातले लोक वर्षातून एकदोनदा एकत्र जमतात. पोस्टग्रेसवाल्यांची 'पीजीकॉन्फ इंडिया' बंगळुरूला भरते, ओरॅकल वापरणाऱ्यांच्या अखिल भारतीय मंडळाची 'संगम' नावाची परिषद असते, आणि पुण्या-मुंबईत लहान मेळावे होत असतात. त्यातल्या कित्येकांना प्रवेश मोफत असतो. डेटाबेस संशोधकांची व्हीएलडीबी ही जागतिक परिषद १९९६ साली थेट मुंबईत भरली होती, तेव्हा ही मंडळी आपल्याला परकी नाहीत.

आमच्यातले तिघे पहिल्यांदा बंगळुरूच्या एका परिषदेला गेले तेव्हा घरात आठवडाभर चर्चा चालली. तिघांत एक मुलगी होती. "नोकरी आहेच ना, मग एवढ्या लांब भाषणे ऐकायला कशाला?" हा अब्बांचा प्रश्न रास्त होता. शेवटी तिचा धाकटा भाऊ सोबत गेला. तो वाणिज्य शाखेचा, तिथे जाऊन काय करणार म्हणून कुरकुरत होता, आणि दुसऱ्या दिवशी तोच पहिल्या रांगेत बसला होता. चिकलठाण्याहून पुण्यापर्यंत बस, पुढे रेल्वे. मुक्कामाची व्यवस्था एका नातेवाइकांकडे झाली, म्हणून खर्च आटोक्यात राहिला. नोंदणी लवकर केली तर पैसे कमी पडतात आणि विद्यार्थ्यांना बऱ्याच ठिकाणी सवलत असते, हे तेव्हा कळले. नमाजची सोय विचारल्यावर संयोजकांनी कुणालाही अवघडू न देता एक रिकामी खोली उघडून दिली. जेवणात शाकाहारी पंगत असतेच, त्यामुळे हलालचा प्रश्न आला नाही.

भाषणांपेक्षा आमच्या मनात राहिला तो तिथला बोलण्याचा मोकळेपणा. मोठमोठ्या कंपन्यांतले लोक मंचावर उभे राहून आपले काय बिघडले ते सांगतात. गिटलॅब कंपनीची गोष्ट आम्ही तिथल्या चहाच्या टेबलावर ऐकली, नंतर वाचून खात्रीही केली. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री त्यांच्या एका दमलेल्या अभियंत्याने चुकीच्या यंत्रावर आज्ञा दिली आणि चालू डेटाबेसच पुसला गेला. राखीव प्रती काढायच्या पाच पद्धती त्यांच्याकडे होत्या, वेळेला त्यातली एकही नीट कामाला आली नाही. नशिबाने कुणीतरी सहा तास आधी हाताने एक प्रत काढून ठेवली होती, तिच्यावर सगळे परत उभे राहिले, मधल्या सहा तासांच्या नोंदी मात्र गेल्या. कंपनीने त्या अभियंत्याला कामावरून काढले नाही, उलट दुरुस्तीचे काम जगाला थेट दाखवले आणि काय काय कमी पडले ते सविस्तर लिहून प्रसिद्ध केले. परत आल्यावर आम्ही पहिले काम केले ते म्हणजे आपापल्या राखीव प्रती खरोखर उघडून पाहिल्या. हे पुस्तकात लिहिलेले असतेच, पण ज्याच्यावर बेतले त्याच्याबद्दल चहा पिता पिता ऐकले की ते अंगी लागते.

बहुतेक परिषदांत पाच-पाच मिनिटांच्या छोट्या भाषणांचा एक तास असतो. कुणीही नाव नोंदवावे. आमच्यातल्या त्या मुलीने धीर करून ज़ाकिर आणि जाकिरचे उदाहरण सांगितले. हिजाब घातलेली, इंग्रजी थोडे अडखळत बोलणारी मुलगी पाहून सभागृह एक क्षण शांत झाले. झेड-२६० आणि जे-२६० पडद्यावर शेजारी शेजारी दिसले तेव्हा मागून हशा आला, तो आपल्यावर नव्हता, साउंडेक्सवर होता. खाली उतरल्यावर चार जण तिच्याभोवती. एक तमिळ गृहस्थ 'झ'ची त्यांच्याकडची फजिती सांगू लागले. एक बाई पुण्याच्या, त्यांनी आपला फोन नंबर दिला आणि पुढे दोन महिन्यांनी आपल्या कंपनीतल्या जागेची खबरही त्यांनीच दिली. मुलाखतीतून निवड तिच्या हुशारीवर झाली, पण जागा आहे हे कळणे हीच आपल्याकडची मोठी अडचण असते. आपल्या मुलांना मामा, चाचा कारखान्यात चिकटवू शकतात, या क्षेत्रात ओळखीचे कुणी नसते. परिषदेतून ती ओळख मिळते.

बंगळुरूला जाणे सगळ्यांना परवडणार नाही हे आम्ही जाणतो. घरबसल्याही या बिरादरीत शिरता येते. पोस्टग्रेसमधल्या सुधारणा जगभरचे लोक सुचवतात, त्या सगळ्यांसमोर तपासल्या जातात, आणि नवीन माणसाने दुसऱ्याची सुधारणा चालवून पाहून 'इथे बिघडते' एवढे कळवले तरी त्याचे स्वागत होते. पुण्यात बसून काम केलेल्या एका अभियंत्याचे नाव २००८ च्या आवृत्तीच्या अधिकृत टिपणात छापलेले आहे. त्याने केलेले काम भिशीच्या वहीच्या भाषेत असे सांगता येईल: एखादीचा नुसता फोन नंबर बदलला तर वहीच्या शेवटी असलेल्या नावांच्या सूचीला हात लावायची गरज पडू नये, आणि जुन्या ओळीची जागा लगेच पुन्हा वापरता यावी. ऐकायला साधे वाटते. पण आज जगात जिथे जिथे पोस्टग्रेस चालतो तिथे ते वापरले जाते.

कायदाही थोडा आपल्या बाजूला वळतो आहे. २०२३ साली झालेल्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात आपल्याबद्दलची चुकीची नोंद दुरुस्त करून मागण्याचा हक्क नागरिकाला दिला आहे. तो टप्प्याटप्प्याने लागू होत आहे, आणि दुरुस्ती शेवटी करणार आहे तो डेटाबेसवर बसलेला माणूसच.

सध्या आम्ही रविवारी जुहरनंतर दोन तास एकत्र बसतो. कॉलेजची सातआठ मुले-मुली येतात, काहींच्या सोबत अम्मी येतात आणि मागे बसून ऐकतात. त्या मुलांना आम्ही एक काम दिले आहे: मुस्लिम नावांच्या स्पेलिंगांची यादी. एका नावाची जेवढी रूपे कागदोपत्री सापडतात तेवढी एका क्रमांकाखाली आणायची, म्हणजे शोधताना मोहम्मद आणि एम-डी एकत्र सापडतील, ज़रीना आणि जरीना एकत्र सापडतील. यादी पूर्ण झाली की ती कुणालाही फुकट वापरता येईल अशी ठेवायची आहे, इन्शाअल्लाह. कोकणातल्या, खानदेशातल्या, सोलापूरकडच्या घरांत नावे लिहिण्याची रीत आमच्याहून वेगळी आहे, तिकडची रूपे आमच्याकडे फार थोडी आहेत. वाचकांनी आपल्या घरातल्या कागदांवर एकाच नावाची जी जी स्पेलिंगे निघतील ती मासिकाच्या पत्त्यावर लिहून पाठवावीत. फक्त नावे पाठवा. आधार क्रमांक, जन्मतारीख किंवा कागदांच्या झेरॉक्स कृपया पाठवू नका, आम्हालाही नाही आणि मागणाऱ्या दुसऱ्या कुणालाही नाही.